विद्यापीठ ग्रंथालयाची पहिली ओळख खेळातून: काय जमलं, काय फसलं आणि एक अडलेला टप्पा

पुस्तकवेल (धागालेखिका)

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते. दर वर्षी नवी तुकडी आली की आम्ही उद्बोधन वर्ग घेतो. पन्नास मिनिटं आणि भरपूर स्लाइड. वाचनकक्षाच्या वेळा, किती पुस्तकं किती दिवस, ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची) म्हणजे काय, ई-साधनांचं लॉगिन, नियतकालिकं कुठल्या बाजूला. मुलं शांत बसतात, मान हलवतात, सही करून जातात. तीन आठवड्यांनी त्यातलाच एखादा मुलगा दोन रॅकच्या मधे मोबाइल धरून उभा दिसतो. मोबाइलवर मुखपृष्ठाचा फोटो असतो आणि तो पुस्तकांच्या कण्यांवर तसाच रंग शोधत असतो. मी जवळ गेले की म्हणतो, "काही नाही मॅडम, असंच बघत होतो." आणि निघून जातो.

हे "असंच बघत होतो" मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यामागे काय असतं हे शोधायला लागले. कॉन्स्टन्स मेलन या अभ्यासक बाईंचा १९८६ सालचा लेख सापडला. त्यांनी दोन वर्षांत सहा हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. ग्रंथालयात पहिल्यांदा संशोधन करायला गेल्यावर कसं वाटलं, हे सांगताना ७५ ते ८५ टक्के मुलांनी भीतीचीच भाषा वापरली होती. केवढी मोठी जागा, कुठे काय ते कळत नाही, सुरुवात कुठून करू. यापेक्षाही मला लागलं ते पुढचं: इतरांना सगळं येतं, मलाच येत नाही, हे लाजिरवाणं आहे, आणि प्रश्न विचारला तर ते उघडं पडेल. माझ्यासमोरचा मुलगा अगदी हेच सांगत होता आणि आम्ही त्यावर उपाय म्हणून स्लाइड वाढवत होतो.

खेळात मात्र माहीत नसणं गृहीतच असतं. कोडं सुटलं नाही म्हणून कुणी मान खाली घालत नाही, पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून खेळाकडे वळलो.

पहिला प्रयोग फसला. मोबाइलवर वीस प्रश्नांची प्रश्नमंजूषा केली. ग्रंथालयाची स्थापना कधी, एकूण ग्रंथ किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, आणि वर पहिल्या दहांची यादी. तासाभरात सगळी उत्तरं मुलांच्या गटात फिरली. पहिला आलेला मुलगा ग्रंथालयात पाऊलही न टाकता पहिला आला होता. दोष मुलांचा नव्हता. आम्ही स्लाइडच प्रश्नचिन्ह लावून परत दिल्या होत्या.

दुसऱ्या वेळी जास्त विचार केला. तीन-तीन मुलांचा गट, ट्वाइन (वाचकाच्या निवडीने पुढे जाणाऱ्या गोष्टी लिहायचं साधन) वापरून लिहिलेली छोटी गोष्ट, ठिकठिकाणी क्यूआर कोड. वेळेचं बंधन नाही, क्रमांक नाहीत. गोष्ट साधी: एका जुन्या संशोधकाचं टिपण अर्धवट राहिलंय, त्याचे संदर्भ जुळवून द्यायचे. प्रत्येक गटाला वेगळा विषय, म्हणजे उत्तरं फिरवून उपयोग नाही. टप्पे सहा:

पहिल्यात ओपॅकमध्ये पुस्तक शोधून त्याचा कॉल नंबर, म्हणजे रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक, लिहायचा. दुसऱ्यात त्या रॅकपर्यंत जायचं आणि त्या पुस्तकाच्या शेजारी डावीकडे कोणतं पुस्तक आहे ते सांगायचं. हा माझा सगळ्यात आवडता टप्पा. शेजारचं पुस्तक त्याच विषयावरचं निघतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं. वर्गीकरण म्हणजे काय हे मी कधीच इतक्या कमी शब्दांत शिकवलं नव्हतं. तिसऱ्यात ००५.७, ००५.१३३ आणि ००५.७४ हे कॉल नंबरमधले आकडे क्रमाने लावायचे. बहुतेक जण ७, ७४, १३३ असं लावतात, कारण पूर्णांक म्हणून वाचतात. दशांश म्हणून वाचलं की १३३ सर्वांत आधी येतो. पुस्तक "मिळालंच नाही" म्हणून परत जाणाऱ्या अर्ध्या मुलांची अडचण या एका आकड्यात आहे असं मला वाटतं. चौथ्यात हवं ते पुस्तक दुसऱ्याकडे गेलेलं असतं, ते राखून ठेवायची विनंती करायची. पाचव्यात घरून लॉगिन करून एक लेख उघडायचा. सहाव्यात संदर्भ विभागाच्या टेबलाशी येऊन एक प्रश्न विचारायचा. शेवटचा लिफाफा आमच्याकडे असतो.

पाच टप्पे मुलं आनंदाने करतात. सहाव्याशी येऊन बरेच गट थांबतात. दारातून डोकावतात आणि परत जातात. म्हणजे ज्या एका भीतीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती जागच्या जागी आहे. इथे काय करावं? आणि या सगळ्याचा उपयोग झाला हे मोजायचं कसं? दोन्हींवर तुमचं मत हवंय.

तिसरा_मजला

मी दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं पूर्ण सत्र मी ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच बसलो, कारण पहिल्या दिवशी तिथे जागा मिळाली होती. खाली काय आहे ते माहीतच नव्हतं. ओपॅकमध्ये पुस्तक कोणत्या मजल्यावर आहे तेही लिहिलेलं असतं, हे मला मित्राने दाखवलं.

एक सांगावंसं वाटतं. हा खेळ पहिल्या आठवड्यात ठेवू नका. त्या आठवड्यात वसतिगृह, ओळखपत्र, वेळापत्रक, नवे मित्र यातच डोकं फिरलेलं असतं. तेव्हा कॉल नंबरची गरज कुणालाच नसते. पहिला प्रकल्प किंवा पहिला निबंध लिहायला सांगतात त्या आठवड्यात ठेवा. तेव्हा आम्ही खरंच अडलेले असतो.

दाखलांक

पुस्तकवेल, धागा आवडला. मी तीस वर्षं देवघेव विभागात आणि पुढे ग्रंथपाल म्हणून काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा. खेळ ठरवताना मी नेहमी हाच नियम पुढे ठेवला असता. या टप्प्यामुळे पुढच्या वेळी वाचकाचा वेळ वाचेल का? तुमचा आकडे लावायचा टप्पा या कसोटीला पुरेपूर उतरतो. स्थापनेचं वर्ष विचारणारा प्रश्न उतरत नाही. ग्रंथालयाचा इतिहास मला जिवापाड आवडतो, पण तो सांगायची वेळ वेगळी.

आता काळजीचा मुद्दा. शंभर मुलं एकाच दुपारी रॅकमध्ये शिरली की पुस्तकं बाहेर निघतात आणि जिथे जागा दिसेल तिथे परत जातात. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं. तालिका म्हणते "आहे", रॅक म्हणतो "नाही". पुढचा महिनाभर कुणीतरी कर्मचारी ते शोधत बसतो. म्हणून पहिला नियम असा ठेवा की पुस्तक हाताने काढायचं नाही, फक्त कणा वाचायचा. गट वेगवेगळ्या दिवशी सोडा. आणि खेळ सुरू करण्याआधी रॅक लावणाऱ्या सहकाऱ्यांना बोलावून सगळं दाखवा. खेळ आखणारा एक आणि त्याचा भार सोसणारा दुसरा, असं फार वेळा होतं.

पुस्तकवेल

सर, कणा वाचायचा नियम उद्याच टाकते. सहकाऱ्यांना आधी न विचारण्याची चूक माझ्याकडून झाली आणि त्यांना त्याचा त्रास झाला, हे मान्य करते. तुमचा प्रतिसाद वाचून आज त्यांच्याशी बोलले. त्यांतल्या एका दादांनीच सुचवलं की पुस्तकाच्या जागी त्याच मापाचा पुठ्ठा ठेवा आणि कोड त्यावर लावा.

तिसरा_मजला, वेळेबद्दल तू म्हणतोस ते पटलं. विभागांकडून पहिल्या प्रकल्पाच्या तारखा मागवते.

कोडकर

तांत्रिक बाजूने थोडं.

ट्वाइनची निवड चांगली आहे. २००९ पासून ते मोफत मिळतंय, आणि तयार झालेली गोष्ट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये येते. ती ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ठेवली की झालं, कुणाला ॲप घ्यावं लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. मुलांना खेळण्याआधी नोंदणी करायला लावलं की निम्मी तिथेच गळतात. तुमच्याकडे मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) असेल तर एच-फाइव्ह-पी बघा. तेही मुक्तस्रोत आहे, ओढून जागेवर ठेवायची कोडी, चित्रावर टिचकी मारून उघडणारी माहिती असं बरंच त्यात तयार मिळतं. आकडे क्रमाने लावायचा टप्पा त्यात फार छान होईल. काहूटसारखी वेळ मोजणारी साधनं वर्गात दहा मिनिटांच्या उजळणीला ठीक, पण पहिल्या ओळखीला नकोत. तिथे पटकन बोट मारणारा जिंकतो आणि विचार करणारा मागे पडतो.

क्यूआर कोडबद्दल. डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांवर नजर ठेवायला तो बनवला. त्यात चूक दुरुस्त करायची सोय असते, सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. कोड तयार करताना ती पातळी निवडा, कारण रॅकच्या कडा हात लागून घासतात. कोडच्या खाली छोटा पत्ता अक्षरांतही छापा, सगळ्यांचे कॅमेरे चालतातच असं नाही. जाड भिंतींच्या इमारतीत आतल्या रॅकपाशी नेटवर्क येत नाही, तिथे कोडमध्ये दुव्याऐवजी थेट मजकूरच ठेवता येतो.

आणि कृपा करून फोन नंबर, ईमेल गोळा करू नका. गटाला टोपणनाव घेऊ द्या. कोण काय वाचतो, काय शोधतो ही गोष्ट ग्रंथालयाने जपायची असते. खेळाच्या निमित्ताने ती कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर जाऊ नये.

जाता जाता: मला आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचं, कोडं फार आवडतं. तेरा आकडे, एकाआड एक १ आणि ३ ने गुणायचे, बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. शेवटचा आकडा झाकून तो काढायला सांगितला की छान कुलूप होतं. पण खरं सांगतो, त्यातून ग्रंथालय वापरायला काहीच शिकायला मिळत नाही. म्हणून मी ते दरवेळी आवरतं घेतो.

हिरवा_कंदील

धागालेखिकेने गुण आणि क्रमांक काढून टाकले हे मला तितकंसं पटलं नाही. चढाओढ असली की मुलं येतात. इंग्लंडमध्ये हडर्सफील्ड विद्यापीठाने २०११ मध्ये "लेमनट्री" नावाचा खेळ आणला होता. ग्रंथालयात आलं, पुस्तक घेतलं, ई-साधन उघडलं की गुण आणि बिल्ले. मित्र काय करतायत तेही दिसायचं. ज्याला ग्रंथालयाचं आकर्षणच नाही त्याला दारापर्यंत तरी आणायला हवं ना? आत आल्यावर पुढचं बघू.

वर्गांक१५०

मानसशास्त्र हा माझा विषय, म्हणून गुणांच्या मुद्द्यावर लिहिते.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. आपणहून आवडीने चित्रं काढणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. दोनेक आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांपेक्षा खूप कमी वेळ चित्रं काढत होती. आवडीची गोष्ट बक्षिसासाठी करायची गोष्ट झाली होती.

यावरून गुण म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. त्या मुलांना चित्रं मुळात आवडत होती, आणि ग्रंथालयाची भीती वाटणाऱ्या मुलाला अजून आवडायला काही नाहीच. त्यामुळे हिरवा_कंदील म्हणतात तसं दारापर्यंत आणायला गुण चालतील. पण पुस्तक उचलल्याला गुण दिले की मुलं पुस्तकं उचलतील, वाचतील असं नाही. गुण द्यायचेच तर "इथे अडलो, मग असं सुटलं" असं लिहिणाऱ्या गटाला द्या.

माझ्या नावातला १५० हा ड्यूई पद्धतीत, म्हणजे विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, मानसशास्त्राचा वर्गांक आहे, आणि त्यातच एक छान कोडं आहे. माझा पहिल्या वर्षाचा समज असा की माझी सगळी पुस्तकं १५० मध्ये. मानसिक आजारांवरची पुस्तकं शोधून दमले. ती ६१६.८९ मध्ये होती, वैद्यकात. शैक्षणिक मानसशास्त्र ३७०.१५ मध्ये, शिक्षणात. ड्यूईंची पद्धत १८७६ ची, आणि तिच्यात पहिल्यापासून एक सापेक्ष निर्देशसूची आहे, ती नेमकी याचसाठी: एक विषय कुठे कुठे विखुरला आहे ते दाखवायला. खेळात "तुमच्या विषयाची तीन घरं शोधा" असा टप्पा ठेवा. ज्या दिवशी मला तिसरं घर सापडलं त्या दिवसापासून ग्रंथालय मला आपलं वाटायला लागलं.

हिरवा_कंदील

वर्गांक१५०, अडल्याचं लिहिणाऱ्याला गुण, ही कल्पना आवडली. तरी माझा एक आग्रह कायम आहे, काहीतरी जाहीर कौतुक असू द्या. क्रमांक नसला तरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक गटाचं टोपणनाव फलकावर लागू दे.

स्पर्शवाचक

मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरून हा धागा वाचतोय आणि लिहितोय.

आमच्याकडे असाच एक खेळ झाला होता. भिंतीवर क्यूआर कोड लावले होते. कोड भिंतीवर नेमका कुठे आहे हे मला कोण सांगणार? एका टप्प्यावर चित्रातला फरक ओळखायचा होता, चित्राला पर्यायी मजकूर नव्हता. दुसऱ्या टप्प्याला नव्वद सेकंद होते, स्क्रीन रीडर प्रश्न वाचून संपवेपर्यंत वेळ संपायची. माझ्या गटातल्या दोघींनी मला प्रेमाने सांगितलं, तू बस, आम्ही करतो. सगळी मुलं ग्रंथालयाची ओळख करून घेत होती आणि मी खुर्चीवर बसून होतो. त्यानंतर वर्षभर मी ग्रंथालयात गेलो नाही.

हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. सोपे उपाय आहेत. वेळ मोजू नका, हे तुम्ही केलंच आहे. कोड प्रत्येक ठिकाणी एकाच उंचीवर लावा आणि त्याभोवती हाताला जाणवेल अशी उंच कड द्या. प्रत्येक चित्राला मजकूर द्या. शेजारचं पुस्तक शोधायचा टप्पा ओपॅकमध्येही करता येतो, बऱ्याच प्रणालींत कॉल नंबरच्या क्रमाने मागेपुढे बघता येतं. तो दुसरा मार्ग "अपंगांसाठी" अशी पाटी न लावता सगळ्यांसाठी खुला ठेवा. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला अरुंद रॅकमध्ये शिरता येत नाही, त्यालाही तो उपयोगी पडेल. आणि खेळ तयार झाला की आमच्यापैकी कुणाला तरी आधी खेळायला द्या. छापून झाल्यावर विचारलं की कुणालाच काही बदलता येत नाही.

पुस्तकवेल

स्पर्शवाचक, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, मग विभागात सगळ्यांना वाचून दाखवला. माझ्या खेळातही कोड भिंतींवर मन मानेल तिथे लावलेले आहेत. तुम्ही वर्षभर गेला नाहीत हे वाचून फार वाईट वाटलं. नवा आराखडा कागदावर असतानाच दोन विद्यार्थ्यांना दाखवायचं ठरवलं आहे, एकाला दिसत नाही आणि एक चाकाची खुर्ची वापरते. दोघांना हे काम म्हणून देणार आहोत, त्याचं मानधनही देणार.

अभ्यासिका

मी शिकवते, ग्रंथालयात काम करत नाही. माझी मुलं पुस्तक शोधण्यात कमी आणि शोध घेण्यात जास्त अडतात. अख्खं निबंधाचं शीर्षक शोधपट्टीत टाकतात, शून्य निकाल आले की "ग्रंथालयात काही नाही" असं मला येऊन सांगतात.

त्यासाठी वर्गात एक छोटा खेळ घेते. सगळ्यांना एकच विषय आणि एकच अट: पाच ते पंधराच निकाल आणायचे. शब्द जास्त झाले की निकाल शून्य, एकच मोघम शब्द टाकला की हजारो. मग मुलं आपणहून "आणि", "किंवा", "वगळून" यांचा वापर शोधून काढतात. दोन शब्दांत "किंवा" टाकलं की निकाल वाढतात हे त्यांना उलटं वाटतं, बोलण्यात आपण पर्याय दिला की निवड कमी होते ना! पडद्यावर आकडा वाढताना दिसला की ते कायमचं डोक्यात बसतं. लिपीचाही एक टप्पा घालते. एकच पुस्तक देवनागरीत टाइप करून सापडत नाही आणि रोमन अक्षरांत सापडतं, कारण नोंद करणाऱ्याने तशी केलेली असते. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही चालतो तिथे. हे कुठल्याच स्लाइडमध्ये कुणी सांगत नाही.

पुढची पायरी म्हणजे सापडलेलं कितपत भरवशाचं. मिशिगन विद्यापीठात "बिब्लिओबाउट्स" नावाचा खेळ तयार झाला होता. त्यात विद्यार्थी आपापले संदर्भ आणून टाकायचे आणि एकमेकांच्या संदर्भांची विश्वासार्हता आणि उपयुक्तता जोखायचे. मी त्याची साधी आवृत्ती सामायिक तक्त्यावर करते. दुसऱ्याचा संदर्भ तपासताना मुलं जितकी कसोशीने बघतात तितकी स्वतःचा बघत नाहीत.

एक विनंती: हे सगळं एकाच खेळात कोंबू नका. पहिल्या भेटीत जागा आणि माणसं कळली तरी पुष्कळ झालं. शोधाचा खेळ दुसऱ्या वेळी.

दाखलांक

अभ्यासिका यांच्या शेवटच्या ओळीला अनुमोदन.

मोजण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. किती मुलं खेळली हा आकडा अहवालात शोभतो, त्यातून शिकणं कळत नाही. मी तीन गोष्टी बघितल्या असत्या. खेळाआधी आणि खेळानंतर सहा आठवड्यांनी तेच एक काम द्यावं, हा कॉल नंबर, हे पुस्तक आणून दाखव. दुसऱ्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच आठवतं. दुसरं, संदर्भ टेबलाच्या रोजवहीत आलेले प्रश्न. संख्येबरोबर प्रकारही नोंदवा. "प्रसाधनगृह कुठे" हे प्रश्न कमी होऊन "या विषयावर आणखी कुठे बघू" हे वाढले तर काम झालं. तिसरं, भीती. शेरॉन बॉस्टिक यांनी १९९२ मध्ये ग्रंथालयात वाटणाऱ्या चिंतेची मोजपट्टी तयार केली, तिच्यातले प्रश्न कोणत्या अंगांनी विचारले आहेत ते बघा. कर्मचाऱ्यांबद्दल वाटणारा दुरावा हे त्यातलं एक अंग आहे, आणि तुमचा सहावा टप्पा तिथेच अडतोय.

न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचं उदाहरणही नोंदवून ठेवतो. मुख्य इमारतीला शंभर वर्षं झाली तेव्हा, २० मे २०११ च्या रात्री ५०० जणांना आत घेतलं. फोन घेऊन त्यांनी संग्रहातल्या १०० वस्तू शोधल्या, प्रत्येकीवरून काही लिहिलं, आणि ते सगळं बांधून एक पुस्तक झालं. ते आज त्याच ग्रंथालयात आहे. खेळ संपल्यावर मागे काही राहिलं, आणि ते खेळणाऱ्यांचं स्वतःचं होतं, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं. तुमच्या मुलांचं जुळवलेलं टिपणही बांधून ठेवा. त्याला दाखलांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) द्या.

तिसरा_मजला

सहाव्या टप्प्याबद्दल परत लिहितोय, कारण दारातून परत जाणाऱ्यांतला मीही एक होतो. आमच्याकडेही असाच शेवटचा टप्पा होता.

परत का गेलो ते सांगतो. जो प्रश्न विचारायचा होता तो खेळाचा होता, माझा नव्हता. टेबलामागच्या मॅडमना उत्तर माहीत होतं, मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, आणि त्यांनाही माहीत होतं की मी लिफाफ्यासाठी आलोय. म्हणजे ती तोंडी परीक्षाच झाली. त्यातून समोर एक खरा संशोधक काहीतरी गंभीर विचारत उभा होता. त्याच्यामागे उभं राहून मी लिफाफा मागू?

नंतर सत्राच्या शेवटी मला खरंच एक जुना अहवाल हवा होता, तेव्हा नाइलाजाने गेलो. मॅडम म्हणाल्या, "मलाही माहीत नाही, बस, बघू या." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यांनी टाकलेला पहिला शब्द चुकला. दुसराही. तिसऱ्या वेळी त्यांनी एक जुना शब्द वापरला आणि सापडलं. पंधरा मिनिटं गेली असतील. त्या दिवशी मला कळलं की ज्याला येतं त्यालाही तीन वेळा शोधावं लागतं. त्यानंतर मी कधीही जातो.

म्हणून मला वाटतं, सहाव्या टप्प्यात असा प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर टेबलावर बसलेल्या माणसालाही ठाऊक नाही.

वर्गांक१५०

तिसरा_मजला, मेलन बाईंनी लिहिलेली लाज तू अनुभवलीस आणि ती कशी गेली तेही सांगितलंस. "इतरांना सगळं येतं" हा समज मोडायला याहून सरळ वाट मला दिसत नाही.

कोडकर

तांत्रिकदृष्ट्या हे सोपंच होतं. लिफाफा नको, उत्तर पडताळायची गरज नाही. पाचव्या टप्प्यात गटाला "तुम्हाला खरंच हवी असलेली एक गोष्ट लिहा" असा रिकामा चौकोन द्या आणि तोच मजकूर सहाव्या पानावर परत दाखवा. ट्वाइनमध्ये दोन ओळींचं काम आहे. हवं तर लिहून देतो.

दाखलांक

टेबलावर बसणाऱ्याला "मला माहीत नाही" म्हणायची मोकळीक वरिष्ठांनी दिली पाहिजे. आमच्या काळी ते म्हणणं कमीपणाचं मानत. पुस्तकवेल, हे आधी विभागात बोलून घ्या.

पुस्तकवेल

विभागात बोलले. आमच्या सर्वांत ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, "मग मला निदान खोटं हसून लिफाफा तरी द्यावा लागणार नाही." त्याच पहिली दुपार बसणार आहेत. टेबलाला दुसरी खुर्ची लावली, पडदा फिरता केला. संशोधकांची रांग वेगळी आणि खेळाच्या दिवशी टेबलही वेगळं, म्हणजे कुणाच्या मागे ताटकळावं लागणार नाही.

कोडकर, ते लिहून द्याच. सहाव्या पानाचा मजकूर असा केला आहे, स्क्रीन रीडरवरही ऐकून पाहिला:

"तुमच्या गटाने मघाशी लिहिलं होतं की तुम्हाला हे हवं आहे: (इथे तुमचा मजकूर). याचं उत्तर या खेळात नाही. संदर्भ टेबलाशी बसलेल्या व्यक्तीलाही ते बहुधा ठाऊक नसेल. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसा आणि दोघं मिळून शोधा. पहिला शब्द चुकला तर तो खाली लिहा. दुसरा चुकला तर तोही लिहा. सापडलं तर कुठे सापडलं ते लिहा, आणि नाही सापडलं तर कुठवर पोचलात ते लिहा. तुमचं पान पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी बांधून ठेवू."

तिसरा_मजला, तुझा तो अहवाल कोणत्या जुन्या शब्दाने सापडला होता ते आठवत असेल तर कळव. बांधणीचं पहिलं पान त्याचंच करावं म्हणते.

तिसरा_मजला

आठवतोय. वहीत लिहून ठेवलाय, चुकलेल्या दोन शब्दांसकट. संध्याकाळी पान टाइप करून पाठवतो.